कृत्रिम झडप, ॲसिट्रॉम आणि अंगावरून जास्त जाणं: एका प्रकरणाचा अभ्यास

अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते. रस्त्याच्या कडेला अजून गुलाल होता. दुपारची स्त्रीरोगाची ओपीडी आटोपत आली असताना भांडुपहून एक ताई स्ट्रेचरवरून आल्या. वय ४१, वजन ५२ किलो, ओठ पांढरेफटक, नाडी ११८. सोबत नवरा आणि अकरावीतली मुलगी. नवऱ्याच्या हातात रिपोर्टांची पिशवी होती आणि तिच्यात एका नर्सिंग होमची चिठ्ठी. चिठ्ठीत मोजून तीन ओळी होत्या: पाळीत अतिरक्तस्राव, आयएनआर ७.२. जीवनसत्त्व के १० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. रक्त थांबेपर्यंत ॲसिट्रॉम बंद, क्युरेटिंगचा विचार व्हावा. (आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो तो आकडा. ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, जीवनसत्त्व के तिचा उतारा, आणि क्युरेटिंग म्हणजे गर्भाशयाचं अस्तर खरवडून काढणं.)

ताईंच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण त्या क्रमातच या प्रकरणाचं सार आहे.

ताईंचं लहानपण कोकणात गेलं. शाळेत असताना सांधे सुजायचे, ताप यायचा. ऱ्हुमॅटिक फीव्हर होता तो, पण नाव कळलं फार उशिरा. दुसऱ्या बाळंतपणानंतर जिना चढताना धाप लागायला लागली आणि २९व्या वर्षी हृदयाची मायट्रल झडप बदलावी लागली. बसवलेली झडप चित्रा व्हॉल्व्ह, म्हणजे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली, एकच तबकडी कलंडून उघडझाप करणारी. १९९० पासून ही झडप माणसांत बसवली जाते आहे, आणि परदेशी झडप परवडली नसती अशा कित्येक घरांना तिने आधार दिला आहे. पण धातूची किंवा कार्बनची कुठलीही झडप म्हटली की तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी आली. आपल्याकडे ती बहुतेकदा ॲसिट्रॉम, म्हणजेच ॲसिनोकुमरॉल. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. ताई बारा वर्षं तो ठेवत आल्या होत्या. त्यांची आयएनआरची वही पाहून मला कौतुक वाटलं. प्रत्येक तारखेपुढे आकडा, गोळीचा डोस आणि खाली मुलीच्या अक्षरातली बारीक नोंद.

त्या वहीत पाळीविषयी मात्र एक अक्षर नव्हतं.

विचारल्यावर कळलं, की झडप बसवल्यापासून दर महिन्याला सात-आठ दिवस अंगावरून जायचं. पहिले तीन दिवस तासाला एक पॅड, वर जुन्या साडीची घडी, झोपताना खाली प्लॅस्टिक. पोळी-भाजी केंद्रात कामाला जाताना त्या दिवसांत काळाच परकर आणि गडद साडी. लोकलमध्ये जागा मिळाली तरी बसायचं नाही, सीटला डाग लागेल म्हणून. हे बारा वर्षं चाललं होतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही का, असं मी म्हटलं तर त्या म्हणाल्या, “गोळीने रक्त पातळ होतं, मग जास्त जाणारच ना मॅडम? जीव वाचलाय, तेवढं तर सोसायचं.”

या वाक्यात चूक त्यांची नाही. हृदयरोगाच्या ओपीडीत कुणी पाळी विचारत नाही. आमच्या ओपीडीत अशी बाई आली, की आम्ही हृदयाचं नाव ऐकूनच बिचकतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आणि पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्याच भेटीत किती पॅड लागतात ते विचारलं पाहिजे आणि वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन पाहिलं पाहिजे. अशा रक्तस्रावाला स्त्रीरोगशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतःचा कप्पा आहे. २०१८ च्या सुधारणेत तो ‘उपचारांमुळे होणारा’ या गटात टाकला गेला. म्हणजे औषध आपण दिलंय, तर त्याचा हा परिणामही आपणच निस्तरायचा.

आता या वेळी काय घडलं ते. गौरी-गणपती घरात, आणि पाळीची तारीख नेमकी त्यातच. पुतणीने सुचवलं म्हणून औषधाच्या दुकानातून पाळी लांबवणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या, दिवसाला तीन. भाद्रपदात मुंबईतल्या किती घरांत या गोळ्या घेतल्या जातात याची कल्पना औषधवाल्यांना विचारली तर येते. बहुतेकींना त्रास होत नाही. पण या डोसला त्यातला काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेन गुठळीला निमंत्रण देतं. यांत्रिक झडप असलेल्या बाईने ही गोळी कुणाला न विचारता घेणं बरं नाही. त्यात गौरी जेवल्या त्या दिवशी ताईंचं पोट बिघडलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी जुलाबावर पाच दिवस मेट्रोनिडॅझोल असलेल्या गोळ्या दिल्या. ॲसिट्रॉम चालू आहे हे ताईंनी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मेट्रोनिडॅझोल यकृतात ॲसिट्रॉमचा निचरा अडवतं. डोस तोच राहतो, परिणाम वाढत जातो. पोटात अन्नही नीट जात नव्हतं, त्यामुळे भाजीपाल्यातून मिळणारं जीवनसत्त्व केही घटलं. गौरी विसर्जनाला पाळी लांबवायच्या गोळ्या थांबल्या, तिसऱ्या दिवशी पाळी आली आणि तेव्हा आयएनआर ७.२ होता. गर्भाशयाचं जाडजूड झालेलं अस्तर एकदम सुटलं आणि ते थोपवायला रक्तात गोठण्याची ताकद उरली नव्हती. गाठीच्या गाठी पडायला लागल्या.

नर्सिंग होममध्ये हिमोग्लोबिन ६.४ आलं. समोर रक्ताने भिजलेली चादर असताना तिथल्या डॉक्टरांनी जे केलं त्यामागची घालमेल मला समजते. रक्त थांबवायचं होतं आणि ते थांबवलंही. पण १० मिलिग्रॅम जीवनसत्त्व के हा जीव जाण्याच्या बेतात असलेल्या रक्तस्रावाचा डोस आहे. यांत्रिक झडप असेल आणि वेळ मिळण्यासारखा असेल तर गोळी थांबवावी, रक्त आणि प्लाझ्मा द्यावा, जीवनसत्त्व के द्यायचंच तर १ ते २.५ मिलिग्रॅमवर भागवावं. मोठ्या डोसने आयएनआर खाली येतो तो पार तळाला जातो, आणि नंतर आठवडाभर, कधी त्याहून जास्त काळ, गोळी सुरू करूनही वर येत नाही. ‘रक्त थांबेपर्यंत बंद’ या शब्दांत तर तारीखच नव्हती. अनंत चतुर्दशीला रस्ते बंद, त्यामुळे दुसरीकडे हलवणं लांबलं. ताई आमच्याकडे पोचल्या तेव्हा गोळी बंद होऊन तीन दिवस झाले होते आणि आयएनआर होता १.१. म्हणजे झडपेला कसलंच संरक्षण नाही.

मी पोट तपासत होते. मुलगी कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, “मॅडम, आईचा आवाज कमी झालाय.”

मला वाटलं, अशक्तपणामुळे बोलणं खोल गेलंय असं म्हणते आहे. ती म्हणाली, “बोलण्याचा नाही. छातीतला.”

त्यांचं घर एका खोलीचं. मुलगी लहानपणापासून आईच्या शेजारी झोपते. टीव्ही बंद झाला, बाहेरची वर्दळ थांबली, की आईच्या छातीतून घड्याळासारखा टक टक आवाज येतो. त्याच आवाजावर तिला झोप लागते. गेल्या दोन रात्री तो तिला बोथट वाटत होता. मी स्टेथोस्कोप लावला. झडपेचा आवाज येत होता, पण इतक्या जलद नाडीत तो खणखणीत आहे की दबलेला, हे मला छातीठोक सांगता आलं नसतं. यांत्रिक झडपेचा खटका दबला तर तबकडीवर गुठळी बसल्याची शंका घ्यायची असते. मी पाळीचं तपासणं तिथेच थांबवलं आणि हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला.

पुढच्या दोन तासांत इको झाला. झडपेवरचा सरासरी दाब-फरक ९ आला. वर्षापूर्वीच्या रिपोर्टात तो ५ होता. क्षणभर सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. पण हिमोग्लोबिन सहावर आणि नाडी ११८ असताना रक्त झडपेतून घाईघाईने धावतं, आणि नुसत्या त्यानेही हा आकडा फुगतो. म्हणून घशातून अन्ननलिकेत नळी घालून करायचा इको केला. चित्रा झडपेची तबकडी प्लॅस्टिकची असते, एक्स-रेत ती दिसत नाही. पडद्यावर तबकडी पूर्ण उघडताना आणि पूर्ण मिटताना दिसली. तिच्यावर गुठळी बसलेली नव्हती. रक्ताच्या दोन पिशव्या सावकाश, मध्ये लघवीचं औषध देऊन चढवल्या. दुसऱ्या दिवशी नाडी ८४ वर आली, दाब-फरकही ५ वर. त्या रात्री मुलगी आईच्या कॉटजवळ खुर्चीत बसून होती. सकाळी राउंडला तिने नुसती मान हलवली. आवाज परत आला होता.

तबकडी मोकळी आहे हे कळलं, तरी पुढचा पेच उभाच होता. अंगावरून जाणं कमी झालं होतं, थांबलं नव्हतं. रक्त पातळ करावं तर पुन्हा उसळणार, न करावं तर झडप धोक्यात. नर्सिंग होममध्ये सुरू केलेलं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे गुठळी विरघळू न देणारं औषध, आम्ही पहिल्या तासातच थांबवलं. एरवी अतिरक्तस्रावात ते मला फार आवडतं, पण आयएनआर १.१ असलेल्या मायट्रल झडपेला मी ते देणार नाही. नॉरएथिस्टेरॉन नको होतं, संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या तर नकोच. मेफेनॅमिक ॲसिडसारखी दुखण्याची गोळीही बाद, कारण ती रक्तबिंबिका मंदावते आणि जठरालाही इजा करते.

आम्ही शिरेतून हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं, बोलस, म्हणजे सुरुवातीचा एकदम मोठा डोस, न देता, हळू दराने, एपीटीटी ही गोठण्याची चाचणी पाहत. त्वचेखाली देण्याचं एनोक्सापॅरिन सोपं असतं, मग हे का, असं एका निवासी डॉक्टरने विचारलं. शिरेतलं हेपॅरिन बंद केलं की चार-सहा तासांत उतरतं आणि गरज पडली तर प्रोटामिन या उताऱ्याने जवळजवळ पूर्ण मारता येतं. एनोक्सापॅरिनचा पूर्ण डोस एकदा टोचला की बारा तास तो आपल्या हातात राहत नाही. रक्तस्राव चालू असलेल्या बाईत मला असा नळ हवा होता जो मनात येईल तेव्हा बंद करता येईल.

नवऱ्याचं एकच म्हणणं होतं. “मॅडम, पिशवीच काढून टाका ना एकदाची. रोजची कटकट नको.” त्यांना समजावायला मला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास वाया गेला असं मला वाटत नाही. गर्भाशय काढणं ही मोठी शस्त्रक्रिया. आत मोठी कच्ची जखम राहते, म्हणून पूर्ण डोसचं हेपॅरिन नंतर ४८ ते ७२ तास तरी सुरू करता येत नाही. आधीचे तास धरले तर झडप तीन-चार दिवस संरक्षणाविना राहते. त्या आधी भूल, शरीराला बसणारा धक्का, आणि शस्त्रक्रियेनंतर रक्ताचा कल आपोआप गोठण्याकडे जातो तो वेगळाच. सगळं सुरळीत झालं तरी पोटाच्या भिंतीत रक्त साठण्याचा धोका उरतो. क्युरेटिंगचं म्हणाल, तर ते फक्त एका पाळीपुरतं पुरतं. पुढच्या महिन्यात अस्तर पुन्हा तयार.

सोनोग्राफीत गर्भाशय थोडं मोठं, भिंत जाड, ॲडिनोमायोसिससारखं, म्हणजे अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरल्यासारखं, दिसत होतं. अस्तर १४ मिलिमीटर. वय चाळिशीच्या पुढचं, तेव्हा अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरवणं योग्य नव्हतं. मी सुचवलं ते असं: दुर्बिणीतून गर्भाशय आतून पाहायचं, तुकडा घ्यायचा आणि त्याच बैठकीत लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी, ५२ मिलिग्रॅमची हॉर्मोनची टी बसवायची. ‘टी’ ऐकताच ताई उठून बसल्या. “नको, कॉपर-टीने माझ्या जावेला किती जायचं!” त्यांचं बरोबरच होतं, तांब्याची टी पाळी वाढवते. ही वेगळी. तिच्यातून सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम हॉर्मोन थेट अस्तरावर झिरपतं, अस्तर पातळ होतं, रक्तात फार थोडं जातं आणि त्यात इस्ट्रोजेन नसतं. बहुतेक बायकांचा स्राव काही महिन्यांत फार मोठ्या प्रमाणात घटतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आयएनआर २.५-३ च्या घरात असताना ताई माझ्याकडे आल्या असत्या, तर मी ॲसिट्रॉम एकही दिवस बंद केली नसती. बारीक नळीने अस्तराचा नमुना घेणं आणि टी बसवणं गोळी चालू ठेवून होतं. शस्त्रक्रिया म्हटली की पहिला प्रश्न ‘गोळी किती दिवस आधी बंद करू’ असाच येतो. त्याआधी ‘बंद करायलाच हवी का’ हे विचारलं गेलं पाहिजे. ताईंची गोळी आधीच बंद पडली होती आणि आयएनआर तळाला होता, म्हणून आम्ही त्या खिडकीचा उपयोग करून घेतला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला हेपॅरिन थांबवलं. अकरा वाजता ताई टेबलावर. पाठीतली भूल टाळली, सौम्य गुंगी पुरली. दुर्बीण जाड नव्हती, जेमतेम तीन मिलिमीटरची. आत गाठ नाही, पॉलिप नाही, अस्तर उंचसखल आणि मधून मधून गळलेलं. तुकडा घेतला, टी बसवली. फोलीची नळी ट्रेमध्ये उघडून ठेवली होती, रक्त न थांबल्यास तिचा फुगा आत फुगवून दाब देण्यासाठी. ती वापरावी लागली नाही. गर्भाशयाचं तोंड पकडायच्या चिमट्याच्या दोन दातांच्या जागी रक्ताचे थेंब आले. गॉझ धरून मी घड्याळाकडे पाहत तीन मिनिटं दाबलं. उचललं, कोरडं होतं. सगळं मिळून वीस मिनिटं. संध्याकाळी पॅडवर नुसता डाग. रात्री अकराला हेपॅरिन पुन्हा बोलसविना सुरू, आणि त्याच रात्री ॲसिट्रॉमची गोळी. थांबवलं कधी, सुरू कधी, पुढची तपासणी कधी, हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि त्यावर हृदयरोगतज्ज्ञांची आणि माझी दोघांची सही होती.

जीवनसत्त्व केच्या डोसाने आपला हिशोब वसूल केलाच. पाचव्या दिवशीही आयएनआर १.३. म्हणून मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री करून शिरेतल्या हेपॅरिनऐवजी एनोक्सापॅरिन ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं आणि ताईंना घरी सोडलं. पोटावरची इंजेक्शनं मुलीने शिकून घेतली, सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी आणि रात्री. आयएनआर एक दिवसाआड. दहाव्या दिवशी तो २.६ आला, बाराव्या दिवशी २.९. मग इंजेक्शनं थांबवली.

अशी इंजेक्शनं देऊन मधला काळ भरून काढणं सरसकट सगळ्यांना लागत नाही. २०१५ मधल्या ब्रिज अभ्यासाने हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांत दाखवून दिलं, की इंजेक्शनं न देताही गुठळ्या वाढत नाहीत आणि रक्तस्राव कमी होतो. पण यांत्रिक झडपेचे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. २०२१ च्या पेरिऑप-२ मध्ये ते होते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या इंजेक्शनांचा ठळक फायदा त्यांच्यातही दिसला नाही. त्यामुळे आता यांत्रिक झडप असली तरी सरसकट इंजेक्शनं देऊ नयेत अशीच शिफारस आहे. कलंडणाऱ्या तबकडीची झडप मात्र जास्त धोक्याच्या गटात मोडते आणि ताईंची तर मायट्रल जागी होती. म्हणून आम्ही दिली.

पुतण्याने मोबाइलवर वाचून विचारलं, “नवीन गोळ्या आल्यात ना, आयएनआर करावा न लागणाऱ्या? त्या का नाही देत?” यांत्रिक झडपेत त्या चालत नाहीत. यांतल्याच डाबिगॅट्रानची, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. पायातल्या शिरेत गुठळी झालेल्या तरुण मुलींना या गोळ्या दिल्या जातात, तिथे गणित वेगळं. रिव्हारोक्झाबानवर पाळी जास्त जाते, अपिक्झाबानवर त्या मानाने कमी. छोट्या शस्त्रक्रियेसाठी आधी एक दिवस, मोठीसाठी दोन दिवस थांबवलं तरी मूत्रपिंडं ठीक असल्यास बहुधा भागतं, आणि मधली इंजेक्शनं लागत नाहीत. ताईंचं वेळापत्रक अशा मुलीला लावू नये, तिचं ताईंना तर मुळीच नाही.

तुकड्याच्या रिपोर्टात कर्करोग नव्हता, अस्तराची धोकादायक वाढही नव्हती. घरी जाण्यापूर्वी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं औषध १००० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. लोहाची कंबरेतली इंजेक्शनं अशा रुग्णाला द्यायची नाहीत, स्नायूत रक्त साकळतं. आहाराबद्दल ताईंना वाटत होतं की अळू, मेथी, ऋषीची भाजी सगळं बंद. बंद काही नाही. आठवड्याला जेवढी हिरवी भाजी खाता तेवढीच साधारण खात राहा, एकदम वाढवू नका की सोडू नका, असं सांगितलं. आणखी एक इशारा दिला. या टीने अंडं फुटणं थांबत नाही, आणि रक्त पातळ असलेल्या बाईत ते फुटताना पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पाळीच्या मध्यावर ओटीपोटात एकदम कळ आली, चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता यायचं.

पहिले तीन महिने थेंब थेंब लाल जात राहिलं. हे होणार हे आधी सांगितलं होतं, तरी दुसऱ्या महिन्यात त्या टी काढायलाच आल्या. वैतागल्या होत्या आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. पॅड मोजून पाहिले, दिवसाला एक, तोही अर्धा कोरडा. आयएनआर ३.०. आणखी आठ आठवडे थांबायचं ठरलं. सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.२ होतं आणि पाळी म्हणजे दोन दिवसांचा डाग. आयएनआरच्या वहीत मुलीने पाळीचा वेगळा रकाना आखला होता. कव्हरच्या आतल्या बाजूला आमचा तो सह्यांचा कागद चिकटवला होता, खाली मेट्रोनिडॅझोल, दुखण्याच्या गोळ्या आणि पाळी लांबवायच्या गोळ्या ही तीन नावं लाल पेनाने.

यंदा श्रावणात त्यांचा फोन आला. “मॅडम, दाढ काढायचीय. दाताचे डॉक्टर म्हणतात रक्त पातळ व्हायची गोळी पाच दिवस बंद करून या. बंद करायलाच हवी का?”

मी दंतवैद्यांचा नंबर मागितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दाढ आयएनआर २.८ वर निघाली. तासभर आधी, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, खाचेत एक टाका, मग ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या चुळा. त्या रात्रीची ॲसिट्रॉम ताईंनी नेहमीच्या वेळेलाच घेतली.